मास्तरांची पद्मिनी कशी सापडली

गाडी चोरीला गेली की पहिली धावपळ होते ती नंबराची. गाडीचा एक जुना फोटो, खाली ठळक अक्षरांत नंबर, त्याखाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती, आणि मग तो मजकूर या गटातून त्या गटात महिनोन् महिने फिरत राहतो. वास्तविक चोर सर्वांत आधी जी वस्तू बदलतो ती नंबराची पाटीच असते, कारण दोन स्क्रू काढले की ते काम संपते. गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींनी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून चोरीला गेलेली एक प्रीमियर पद्मिनी शोधून काढली, तेव्हा नंबराचा उपयोग जवळजवळ झालाच नाही. उपयोग झाला तो त्या गाडीची खोड न् खोड ठाऊक असलेल्या माणसांचा आणि मुठीत मावणाऱ्या एका सुट्या भागाचा. हे नेमके कसे घडले असे बरेच जण विचारत असतात, म्हणून मालकांची परवानगी घेऊन आणि कोणाचेही नाव न घेता येथे लिहीत आहे.

गाडीचे मालक प्राथमिक मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक असून आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांची पद्मिनी १९७५ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने जी गाडी बाजारात आणली, तीच १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, आणि पुढे अखंड बाकासारखी सीट असल्यामुळे चालकाच्या शेजारी दोघे सहज बसतात. मास्तरांनी ती ऐंशीच्या दशकात मडगावच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेली घेतली, तेव्हा तिच्यावर गोवा, दमण आणि दीवच्या काळातली ‘जीडी’ने सुरू होणारी पाटी होती. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान हिच्याच डिकीतून यायचे, गावातली निम्मी वऱ्हाडे हिच्यात बसून गेली, आणि मी स्वतः खांबावरचा गियर टाकायला शिकलो तो हिच्यावरच. त्यामुळे गाडी गेल्याची बातमी आली तेव्हा ती कोणा परक्याची गाडी गेली असे आमच्यातल्या एकालाही वाटले नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना पाटीत ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. पण खरी अट पैशांची नव्हेच. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, म्हणजे चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मास्तरांनी त्या अर्जाची कागदपत्रे जुळवत आणली होती. म्हणजे गाडी नुसती परत मिळणे पुरेसे नव्हते, ती धड मिळणे आवश्यक होते. तिची चॅसी कापली गेली किंवा इंजिन दुसरीकडे गेले, तर सापडलेली गाडी ही कागदोपत्री दुसरीच कोणतीतरी गाडी ठरली असती.

गाडी घराला लागून असलेल्या मांगरात, म्हणजे कौलारू खोपीत, उभी असायची. त्या रात्री मंगलोरी कौलांवर पावसाचा असा मारा चालू होता की अंगणात कोणी हाका मारल्या असत्या तरी आत ऐकू आल्या नसत्या. सकाळी मांगर रिकामा होता आणि चिखलात जड चाकांचे चर उमटलेले होते. मास्तर आमच्यातल्या दोघांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, रीतसर एफआयआर नोंदवला गेला. तेथील हवालदारांनी फिर्याद लिहिता लिहिता सहज विचारले, “मास्तर, एवढी जुनी गाडी चोर चालवत नेणार तरी कशी?” आमच्यातल्या एका तरुणाला हा प्रश्न लागला, जुन्या गाडीची चेष्टा झाली असे त्याला वाटले. परंतु प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तर मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होते.

त्यांनी खिशातून रोटर काढून टेबलावर ठेवला.

जुन्या पेट्रोल गाड्यांत कॉइलमधून येणारी ठिणगी चार प्लगांपर्यंत आळीपाळीने पोहोचवण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. त्याच्या टोपीखाली बेकेलाइटचा एक छोटा तुकडा फिरत असतो, त्याच्या माथ्यावर पितळेची पट्टी असते, तोच रोटर. तो हाताने ओढला की निघतो आणि तो नसला की स्टार्टर कितीही मारला, इंजिन कितीही फिरले, तरी एकाही प्लगला ठिणगी मिळत नाही. जुन्या चालकांची ही चोरीविरुद्धची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. त्यात वायर कापावी लागत नाही की गुप्त बटण बसवावे लागत नाही. मास्तर रोज रात्री बॉनेट उघडून रोटर काढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि खिशात टाकायचे. काकी त्यावरून त्यांना नेहमी बोलायच्या, कारण धुण्याच्या बादलीत तो अनेकदा सापडायचा.

या एका गोष्टीने शोधाची दिशाच बदलली. पद्मिनी चालत गेलेली नाही, हे निश्चित झाले. ती ओढून तरी नेली असणार किंवा उचलून तरी. घाटात, भर पावसात, रात्री दोरीने ओढत नेणे हे शहाण्या चोराचे काम नव्हे. तेव्हा बिघडलेल्या गाड्या उचलून नेणारी सपाट पाठीची रिकव्हरी व्हॅन, हीच शक्यता उरली. गोव्यात अशा व्हॅन दिवसरात्र फिरत असतात. पर्यटकांनी भाड्याने घेतलेल्या काळ्या पाटीच्या गाड्या कोठे ना कोठे बंद पडतात किंवा आपटतात, आणि त्या पाठीवर घेऊन जाणारी व्हॅन दिसली तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. आमच्या सीमांवरच्या चौक्यांचे लक्षही मुख्यतः दारूवर असते. ताडपत्रीखालच्या गाडीत बाटल्या नसल्या म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. तोवर आम्ही पद्मिनी पाहिली का असे जगाला विचारत होतो. त्यानंतर रिकव्हरी व्हॅन पाहिली का असे विचारू लागलो.

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते पोदेराकडून. पहाटे सायकलवर पाव घेऊन निघणारा हा माणूस गावात सर्वांच्या आधी रस्त्यावर असतो. उसगावच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी बुटके, गोलसर वाहून नेणारी व्हॅन त्याने पाहिली होती, आणि व्हॅनने उडवलेले पाणी त्याच्या पावाच्या टोपलीवर आल्यामुळे ती त्याच्या चांगलीच लक्षात राहिली होती. उसगावहून होंडा, साखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट चढला की बेळगाव. बेळगावचा दुसरा मार्ग, मोले आणि अनमोड घाटाचा, असा बाद झाला. ही माहिती आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिली. त्यांनी वाटेवरच्या काही दुकानांची चित्रणे मागवली. त्यांतल्या एकात व्हॅन दिसली, पण अंधारात आणि पावसात तिचा नंबर वाचता येण्यासारखा नव्हता.

दरम्यान नंबराचा मजकूर आपल्या गतीने फिरतच होता, आणि त्याने जो उपद्रव केला तोही येथे सांगितला पाहिजे. कुडाळच्या बाजारात मास्तरांच्या गाडीसारखीच मलई रंगाची पद्मिनी दिसली म्हणून चार पोरांनी ती अडवली, गराडा घातला, व्हिडिओ काढले. ती एका वयस्कर डॉक्टरांची गाडी होती, पाटी महाराष्ट्राची होती आणि कागदपत्रे चोख होती. त्या गृहस्थांनी नोंदणीपुस्तक दाखवून सुटका करून घेतली. तरीही त्यांचा फोटो ‘सापडली’ या शीर्षकाखाली दोन दिवस फिरत राहिला. आमच्यातल्या ज्येष्ठांनी फोन करून त्यांची माफी मागितली. मदत करण्याच्या उत्साहात निरपराध माणसाला रस्त्यात चोर ठरवणे मला मुळीच क्षम्य वाटत नाही. शिवाय त्या मजकुरावर तारीख नव्हती. गाडी सापडून कितीतरी आठवडे लोटल्यावरही मास्तरांना रात्री-अपरात्री फोन येत राहिले.

काही जण भंगारअड्डे पालथे घालून आले. तेथे काही मिळाले नाही, आणि मिळण्याची शक्यताही कमीच होती. जेमतेम नऊशे किलोंच्या गाडीचे भंगाराच्या भावाने जे पैसे येतात त्यांसाठी कोणी रिकव्हरी व्हॅन भाड्याने घेऊन घाट चढणार नाही. गाडी अखंड विकण्यासाठीच नेलेली होती. आजकाल खानावळींच्या, कॅफेंच्या आणि रिसॉर्टांच्या दारात जुनी गाडी शोभेला उभी करण्याची टूम आहे, आणि तेथे कागदपत्रे सहसा कोणी विचारत नाही, कारण गाडी रस्त्यावर यायचीच नसते.

आमच्या एका मेकॅनिकने येथे पुढचा विचार मांडला आणि माझ्या मते सगळ्या शोधातला सर्वांत मोलाचा विचार तोच होता. तो म्हणाला, “शोभेची असली तरी विकत घेणारा ती एकदा सुरू करून दाखव म्हणणारच. सुरू करायला यांना रोटर लागेल. इग्निशनचे कुलूप फोडलेले असेल, म्हणजे चावीसकट नवे कुलूपही लागेल. हे दोन्ही एकाच वेळी मागणारा माणूस शोधा.”

पद्मिनीचे सुटे भाग आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मुंबईत कुर्ल्याला मिळतात, कोल्हापूर-बेळगावकडे काही जुन्या दुकानांच्या माळ्यांवर अजून पडून आहेत, आणि बाकीचे आम्ही एकमेकांकडून उसने घेतो. या भागांचा गिऱ्हाईकवर्ग इतका लहान आहे की दुकानदार गिऱ्हाइकाला चेहऱ्याने नव्हे, तर गाडीने ओळखतात. अमक्याच्या फियाटचा वॉटर पंप, तमक्याचे ब्रेकचे रबर, अशी त्यांची मनातली खातेवही असते. अशा दुकानात अनोळखी माणूस रोटर आणि कुलूप मागू लागला, तर ते लपून राहणे कठीण होते. आम्ही दुकानांची यादी वाटून घेतली आणि ज्याची जेथे जुनी ओळख त्याने तेथे स्वतः फोन केला. हा निरोप आम्ही जाहीर केला नाही. चोराच्या कानावर गेला असता तर त्याने रोटर दुसऱ्या मार्गाने मिळवला असता.

त्याच सुमारास आम्ही मास्तरांकडे बसून गाडीच्या खाणाखुणांची एक टिपणवही तयार केली. डाव्या पुढच्या मडगार्डचे टिंकरकाम, म्हणजे पत्र्याची ठोकाठोक, कोणी केले आणि त्याची कड मूळ कडेपेक्षा किंचित जाड का आहे, डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवण्यासाठी पाडलेली दोन भोके कोठे आहेत, डिकीच्या तळाला गॅस वेल्डिंगने लावलेले ठिगळ केवढे आहे, हे सगळे त्यात आले. आणि मग मास्तर म्हणाले, “मागच्या सीटखाली माझी वही आहे.” मागच्या सीटची गादी उचलली की खाली पत्र्याचा तळ दिसतो. त्या पत्र्यावर त्यांनी वर्षानुवर्षे पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशाने, फळ्यावर लिहावे तशा वळणदार अक्षरांत, इंजिन ऑइल बदलल्याच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवले होते. शिक्षकाच्या या सवयीचा आम्हा कोणालाच पत्ता नव्हता, तर चोराला तो कोठून असणार? टिपणवहीची एक प्रत तपास अधिकाऱ्यांकडे गेली; एरवी ती कोणालाही दाखवायची नाही असे ठरले.

फोन बेळगावहून आला. एक मुलगा दुकानात आला होता, त्याच्या मोबाइलवर टोपी काढलेल्या डिस्ट्रिब्युटरचा फोटो होता, आणि “याच्यावर बसणारी वस्तू द्या” असे तो म्हणत होता. वस्तूचे नावही त्याला ठाऊक नव्हते. पाठोपाठ त्याने चावीच्या कुलपाची चौकशी केली. दुकानदाराने भाग माळ्यावर असतानाही तो मागवावा लागेल असे सांगितले, आगाऊ रक्कम घेतली, पावतीसाठी नाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि त्याची पाठ वळताच आमच्या माणसाला कळवले. पन्नासेक वर्षे गल्ल्यावर बसलेल्या त्या काकांचे प्रसंगावधान पाहून आम्ही थक्क झालो.

लगेच दोन गाड्या भरून बेळगावला निघण्याची तयारी झाली. तरुणांचा उत्साह दांडगा होता आणि खरे सांगायचे तर मलाही निघावेसे वाटत होते. मास्तरांनी सगळ्यांना थांबवले. आपण गेलो तर गाडी रातोरात हलेल, दुसऱ्याच्या आवारात शिरलो म्हणून तक्रार आपल्यावरच होईल, आणि हाणामारी झाली तर चोरीचा गुन्हा बाजूला राहील, असे त्यांनी वर्गात गणित समजावून द्यावे तसे शांतपणे सांगितले. पावतीवरचा फोन नंबर तपास अधिकाऱ्यांना कळवला गेला. दुसऱ्या दिवशी गोव्यातून पोलिसांचे पथक निघाले आणि तेथील पोलिसांना बरोबर घेऊन त्यांनी महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडवर छापा टाकला. ओळख पटवण्यासाठी मास्तरांना आणि आमच्या मेकॅनिकला मागाहून बोलावण्यात आले. त्यांना नेणाऱ्या गाडीचा चालक म्हणून मीही गेलो.

शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी पाहून मास्तर दारातच थबकले. मलई रंग गेला होता. खालचा भाग काळा आणि टप पिवळा, अशी तिची मुंबईची टॅक्सी करून टाकलेली होती. मुंबईत पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीला शोभेची वस्तू म्हणून फार मागणी आली आहे. पाटी नव्हती, चॅसी क्रमांकाची पट्टीही रिव्हेट कापून काढलेली होती. तेथे पकडलेल्या माणसाचे म्हणणे असे की ही गाडी त्याने एका टॅक्सीवाल्याकडून रोख पैशांत घेतली, आणि पावती नाही.

पंचांसमोर मेकॅनिकने मागच्या सीटची गादी उचलली. खालच्या पत्र्यापर्यंत नवा रंग पोहोचलेलाच नव्हता. धुळीवर ओला फडका फिरवताच एकाखाली एक तारखा दिसू लागल्या, आणि प्रत्येकीपुढे ‘ऑइल बदलले’ असे पूर्ण शब्द, विरामचिन्हांसह. पंचनामा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी मास्तरांना एका कोऱ्या कागदावर तेच दोन शब्द लिहायला सांगितले. मास्तरांचा हात थरथरत होता, तरी अक्षर तेच आले. इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळला. टिपणवहीतली मडगार्डची कड, पंख्याची भोके आणि डिकीचे ठिगळही जुळले. टॅक्सीवाल्याची गोष्ट तेथेच संपली.

गाडी सापडली म्हणजे ती लगेच घरी आली, असे मात्र होत नाही. ती गुन्ह्यातला मुद्देमाल ठरते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय मालकाच्या ताब्यात येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ मध्ये या तरतुदी आहेत. सामान्य भाषेत याला सुपूर्दनाम्यावर गाडी सोडवणे म्हणतात. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवले आहे की जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, छायाचित्रे आणि पंचनामा करून योग्य हमीवर ती सोडावीत. आमच्या वकील मित्राने अर्जात याच निकालाचा आधार घेतला. तरीही काही आठवडे गेलेच, आणि ते पावसाचे होते. ठाण्याच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या पत्र्याची एका पावसाळ्यात काय अवस्था होते ते आम्हाला ठाऊक होते. परवानगी काढून आम्ही तिच्यावर ताडपत्री बांधली, खाली विटा लावून चाके चिखलातून वर घेतली, आणि आळीपाळीने जाऊन पाणी साचले का ते पाहत राहिलो. ठाण्यातल्या शिपायांनाही पुढे तिचा लळा लागला. एकदा वाऱ्याने सुटलेली दोरी त्यांनीच बांधून ठेवली होती.

विम्यातून काहीच मिळणार नव्हते, कारण मास्तरांकडे कायद्याने सक्तीचा तेवढाच त्रयस्थ पक्षाचा विमा होता आणि त्यात चोरी येत नाही. जुन्या गाड्यांच्या बहुतेक मालकांची हीच स्थिती आहे. सर्वसमावेशक विमा घ्यायचा तर गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरवावी लागते, आणि तेथे पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत बऱ्याचदा हास्यास्पद लावली जाते. पुन्हा रंगकामाचा, कुलपांचा आणि काचांच्या रबरांचा खर्च म्हणून आम्ही वर्गणी काढली. मास्तरांनी निम्मीच घेतली. उरलेली बेळगावच्या दुकानदाराला बक्षीस म्हणून पाठवावी असे त्यांनी सुचवले. त्या काकांनी पैसे परत पाठवले आणि सोबत माळ्यावर शिल्लक असलेले काचांचे रबर पाठवले.

आता आमच्या गटात प्रत्येक जुन्या गाडीची अशी टिपणवही करण्याचे काम चालू आहे. इंजिन आणि चॅसी क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेले ठसे, न दिसणाऱ्या जागांचे फोटो आणि टिंकरकामाचा इतिहास, असे सगळे त्यात असते. ती मालकाकडे आणि आणखी एका विश्वासू माणसाकडे राहते. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज तूर्त थांबला आहे, कारण काढलेल्या पट्टीच्या जागी चॅसी क्रमांक पुन्हा कोरून घेण्यासाठी परिवहन खात्याची परवानगी लागते आणि तो कागद अजून यायचा आहे. खटलाही सुरू आहे. आरोपपत्रात रिकव्हरी व्हॅनच्या चालकाचेही नाव आहे. गाडी काळ्या-पिवळ्या रंगातच मांगरात उभी आहे. पत्रा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय आपण रंग खरवडायला घेणार नाही, असे टिंकरने स्पष्ट सांगितले आहे, आणि मलई रंगाची मूळ छटा कोणती यावरून त्याचा व मास्तरांचा वाद अद्याप मिटलेला नाही.